वीस-पंचवीस वर्षांनी काढलेले चित्रपटांचे दुसरे भाग बहुधा का फसतात, आणि ते पाहण्याआधी मूळ चित्रपट पुन्हा पाहावा का?

नट म्हातारे झाले, दिग्दर्शकाची धार गेली, निर्मात्याला पैशांचा मोह सुटला, ही कारणे आपल्याला इतर उत्तरांत मिळतीलच. ती खोटी नाहीत, पण वरवरची आहेत. माझ्या मते उशिरा निघालेल्या दुसऱ्या भागांपैकी बरेचसे मुळात दुसरे भाग नसतातच. प्रेक्षकाला जुना चित्रपट पुन्हा पडद्यावर हवा असतो, तो दाखवण्याची सोय आपण मोडून टाकलेली असते, आणि मग तोच चित्रपट नव्या कपड्यांत, वाढलेल्या खर्चात आणि उतरलेल्या जोमात पुन्हा काढून त्याच्या नावापुढे 2 हा आकडा लावला जातो.

हे मी प्रेक्षक म्हणून बोलत नाही. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील एका गावच्या टॉकीजमध्ये मी अनेक वर्षे बुकिंगच्या खिडकीवर बसलो आणि पुढे मालकांच्या वतीने चित्रपट ठरवण्याचे कामही केले. आमचा जळगाव जिल्हा चित्रपटधंद्याच्या भाषेत सी.पी. बेरार सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या त्या नावाच्या विभागात, येतो आणि या सर्किटचे वितरक प्रामुख्याने भुसावळ आणि अमरावती येथे बसत. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेचे मुख्य कार्यालय भुसावळला आहे, हे खुद्द भुसावळच्या अनेकांना ठाऊक नसते. माझे दाजी तिथल्याच एका वितरकाकडे नोकरीला होते. टक्केवारीवर लावलेल्या चित्रपटाच्या रिळांच्या पेटीबरोबर गावोगाव जायचे, तिकिटांचा हिशेब तपासायचा आणि वितरकाचा हिस्सा घेऊन परतायचे, असे त्यांचे काम होते. आमच्या टॉकीजवर ते पेटी घेऊन आले की हिशेबाच्या वेळी नाते बाजूला राही, आणि ते योग्यच होते.

त्या काळी चित्रपट एकाच दिवशी सगळीकडे लागत नसे. प्रिंटा मोजक्या असत. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत, मग जिल्ह्याच्या गावी येत आणि रेघा पडलेल्या अवस्थेत तालुक्याला पोहोचत. त्यानंतरही चित्रपट संपत नसे. तीन-चार वर्षांनी तीच पेटी ठरावीक भाड्यावर, म्हणजे धंद्यातल्या भाषेत हायरवर, स्वस्तात मिळे, आणि आम्ही ती यात्रेच्या किंवा लग्नसराईच्या सुमारास पुन्हा लावत असू. पहिल्या वेळी ज्याला आईने कडेवर आणले होते, तो दुसऱ्या वेळी स्वतःच्या पायांनी येई आणि तिसऱ्या वेळी मित्रांना घेऊन येई. एखादा चित्रपट पिढ्यान्पिढ्या लोकांच्या तोंडी राहिला, तो अशा फेऱ्यांमुळे. ‘शोले’ 1975 मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग कधीच निघाला नाही. 2014 मध्ये तो त्रिमितीत पुन्हा आणला गेला. आमच्याकडे तर तो संपलाच नव्हता, त्यामुळे जय-वीरूचे पुढे काय झाले असते, हे विचारायला कोणी खिडकीवर आले नाही.

‘गदर’ 15 जून 2001 रोजी, ‘लगान’च्या बरोबरच, प्रदर्शित झाला. आमच्याकडे तो आला तेव्हा आसपासच्या खेड्यांतून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले आणि बाजाराच्या दिवशी आम्हाला सकाळी जादा खेळ लावावा लागला. पुढे काही वर्षांनी, भारनियमनाने खान्देश टेकीला आलेला असताना, वैशाखातल्या एका आठवड्यासाठी टॉकीज रिकामी होती. नवा चित्रपट आणायचा तर मिनिमम गॅरंटी, म्हणजे वितरकाला कबूल करायची किमान रक्कम, परवडत नव्हती. मी मालकांना म्हटले की ‘गदर’ची जुनी पेटी हायरवर मागवू. दाजींनी मला वेड्यात काढले. केबलवर तो चित्रपट अनेकदा दाखवून झाला आहे, घरात फुकट मिळते त्यासाठी कोण तिकीट काढणार, असा त्यांचा सवाल होता. लोकांना पाटीवर नवे नाव लागते, असे ते म्हणत, आणि हे त्यांचे मत आजतागायत बदललेले नाही.

पेटी आली ती हालहाल झालेली होती. साधारण दहा मिनिटांचे एक रीळ असते आणि प्रत्येक रिळाच्या दोन्ही टोकांचा जीव गेलेला होता. ज्या रिळात नायक तारासिंग हँडपंप उपटतो, तिथे तर इतक्या ठिकाणी तुटून जोडकाम झाले होते की हात पंपाला लागतो न लागतो तोच पंप खांद्यावर दिसे. मधली ताकद लावण्याची दृश्ये कोणत्यातरी गावच्या ऑपरेटरच्या कात्रीत गेली होती. आमच्या ऑपरेटरने पैसे परत मागायला लोक येतील म्हणून खोलीचे दार आतून लावून घेतले. प्रत्यक्षात त्या जागी पब्लिकने एवढा आरडाओरडा केला की पुढचा संवाद कोणाला ऐकू आला नाही, आणि तो ऐकण्याची गरजही नव्हती, कारण स्टॉलमधली पोरे तो पडद्याच्या आधीच म्हणत होती. तुटलेला भाग प्रेक्षकांनी आपल्या आठवणीतून भरून काढला. आठवडाभर खेळ चांगले गेले, रात्रीचा शो तर भरूनच जाई, आणि भाडे वजा जाता मालकांच्या हाती बरी रक्कम राहिली.

दाजींनी हिशेब पाहिला आणि सर्वांसमक्ष निकाल दिला: “शालकबुवा, लोक तारासिंगला बघायला आले नव्हते, ते तुमच्या जनरेटरवरच्या पंख्याखाली बसायला आले होते.”

हे वाक्य गेली कित्येक वर्षे आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि दहाव्यालाही उच्चारले गेले आहे. जळगावकडचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दाजींच्या म्हणण्यात काही अंशी तथ्य दिसेल आणि ते मीही नाकारत नाही. परंतु पंखा हेच कारण असते, तर त्याआधीच्या आठवड्यात लावलेल्या नव्या चित्रपटालाही गर्दी व्हायला हवी होती. पंखे तेच होते, जनरेटर तोच होता, आणि बाल्कनीत मोजकी माणसे बसली होती. यावर दाजी विषय बदलतात.

त्यानंतर उपग्रहावरून चित्रपट येऊ लागले आणि पेट्या इतिहासजमा झाल्या. नवा चित्रपट मुंबईत आणि आमच्या गावात एकाच शुक्रवारी लागू लागला, म्हणून सुरुवातीला आम्ही आनंदाने नाचलो. त्याचा दुसरा अर्थ उशिरा कळला. आता प्रत्येक चित्रपट दोन आठवड्यांत सगळ्यांचा पाहून संपतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. जुन्याला पुन्हा जागा उरत नाही. आमची टॉकीज बंद पडली आणि तिथे आता मंगल कार्यालय आहे. अशा वेळी निर्मात्याच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या नावाचे करायचे काय? ते नाव प्रत्येकाच्या ओळखीचे असते, त्यामुळे जाहिरातीचे निम्मे काम आधीच झालेले असते. ज्यांनी तो तरुणपणी पाहिला, ते आता तिकिटांचे पैसे स्वतः देणारे कुटुंबप्रमुख झालेले असतात आणि मुलांनाही घेऊन येतात. म्हणून दुसरा भाग निघतो. त्यामागे लेखकाला काही नवे सांगायचे असते असे समजण्याचे कारण नाही.

‘गदर 2’ 11 ऑगस्ट 2023 रोजी आला. त्याआधी जूनमध्ये मूळ चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्यात आला होता, हे विशेष. आम्ही दोघे, दाजी आणि मी, जळगावला मल्टिप्लेक्समध्ये तो बघायला गेलो. मागच्या रांगेतला एक जण पहिल्याच प्रवेशाला म्हणाला, “तारासिंग म्हातारा व्हई गया भो, आते हँडपंप उपटस का?” कथा 1971 सालात नेली आहे, पहिल्या वेळी बायकोसाठी पाकिस्तानात गेलेला नायक या वेळी मुलासाठी जातो, आणि अमरीश पुरी 2005 मध्येच गेल्यामुळे समोर नवा खलनायक उभा केला आहे. माझ्या मते हा पहिलाच चित्रपट आहे, फक्त माणसे बदलून. त्यातला एक प्रसंग मात्र मला मनापासून आवडला: जमावाने घेरलेला तारासिंग हँडपंपाकडे नुसता बघतो आणि जमाव पळत सुटतो. पंप उपटावा लागत नाही, कारण तो उपटलेला सगळ्यांना आठवतो. आमच्या तुटक्या रिळाने जे केले होते, तेच इथे हिशेबाने केले होते. दाजी टाळ्या वाजवत होते आणि बाहेर येताच म्हणाले, “बघ, नाव विकते.” चित्रपटाने अफाट धंदा केला, हे मान्य करावेच लागते, पण विकले गेले ते नाव नव्हे, ती आठवण होती.

आता आपल्या प्रश्नाकडे. असा चित्रपट बघण्यासारखा आहे की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी सोपी आहे: हाच भाग मूळ चित्रपटानंतर दोन-तीन वर्षांत काढता आला असता का? आला असता, तर मधल्या वर्षांनी त्यात काहीच घातलेले नाही आणि तो चुकवला तरी चालेल. ‘टॉप गन’ 1986 चा आणि त्याचा दुसरा भाग ‘मॅव्हरिक’ 2022 चा. घशाच्या कर्करोगाने आवाज गमावलेला व्हॅल किल्मर तिथे पहिल्या भागातला आइसमॅन, पण आता आजारी, म्हणूनच येतो आणि बरेचसे बोलणे टंकून दाखवतो. तो प्रसंग 1989 मध्ये कोणालाही लिहिता आला नसता. पॉल न्यूमनने 1961 च्या ‘द हसलर’मधली भूमिका 1986 मध्ये ‘द कलर ऑफ मनी’त पुन्हा केली आणि ऑस्कर मिळवले, ते त्या भूमिकेतला एडी उतारवयाला लागला होता म्हणूनच. याउलट ‘इंडियन’, आपल्याकडे हिंदीत ‘हिंदुस्तानी’ नावाने आलेला, 1996 चा. त्यातला स्वातंत्र्यसैनिक सेनापती तेव्हाच वृद्ध होता. 2024 च्या दुसऱ्या भागात हिशेबाने त्याची शंभरी उलटलेली असताना त्याला हाणामारी करायला लावली, आणि लोकांनी तो चित्रपट स्वीकारला नाही.

मराठीतही तेच. ‘झपाटलेला’ 1993 चा, दुसरा भाग 2013 चा. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये गेल्यामुळे लक्ष्याच्या मुलाला पुढे करावे लागले; म्हणजे काळाने तिथे काही दिले नाही, उलट काढून घेतले, आणि तात्या विंचूच्या बाहुल्याने ती पोकळी भरून निघत नाही. ‘नवरा माझा नवसाचा’ 2004 मध्ये एस.टी.ने गणपतीपुळ्याला निघाला होता, 2024 मध्ये तो कोकण रेल्वेने निघाला आणि कंडक्टर असलेले अशोक सराफ टी.सी. झाले. गाडी बदलली म्हणून प्रवास नवा होत नाही.

माझी कसोटी सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. केवळ करमणुकीसाठी, मुलाबाळांना घेऊन, जुन्या गाण्यावर पुन्हा ठेका धरण्यासाठी जाणाऱ्याने ती लावू नये. शिवाय माझी रोजीरोटी जुन्या पेट्यांवर होती, तेव्हा माझ्या मतात थोडा स्वार्थ आहे असे कोणाला वाटल्यास माझी हरकत नाही.

मूळ चित्रपट आधी पुन्हा पाहावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की आधी मुळीच पाहू नये. असे चित्रपट आपल्या आठवणीच्या भरवशावर काढलेले असतात आणि मूळ ताजा असला की प्रत्येक उसनवारी डोळ्यांत खुपते. मूळ नंतर पाहावा आणि शक्य असल्यास चित्रपटगृहात पाहावा, कारण ती सोय अलीकडे परत येऊ लागली आहे. ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला तेव्हा त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. ‘सनम तेरी कसम’चे 2016 मध्ये जे झाले नव्हते, ते फेब्रुवारी 2025 मध्ये झाले. दोन्ही चित्रपट जुनेच होते आणि पाटीवर नवे नावही नव्हते. दाजी हे उत्तर वाचणार, याची मला खात्री आहे. सप्टेंबर आणि फेब्रुवारीत, भारनियमन नसलेल्या शहरांतल्या वातानुकूलित मल्टिप्लेक्समध्ये ही सगळी माणसे कोणाच्या पंख्याखाली बसायला गेली होती, एवढे त्यांनी खाली लिहावे.