सिंगापूरहून बेटावर जायचंय? आधी तिथी बघा, मग तिकीट

तुमचा प्रश्न वाचला. सिंगापूरला येऊन वर्ष होत आलं, शनिवार-रविवार मॉल आणि सेंटोसा यांतच संपतात. मेमध्ये आई-बाबा येणार, मुलगी पाच वर्षांची, आणि त्यांना मालदीवला न्यावं की बालीला, ते ठरत नाही. माझं मत विचाराल तर या खेपेला दोन्ही नकोत. आई-बाबा भारतातून विमानाने येणार आणि आठवड्याभरात त्यांना पुन्हा विमानतळाच्या रांगेत उभं करायचं, हे मला पटत नाही. बोटीने जाण्याजोगी इतकी बेटं हाताशी आहेत की तीन-चार शनिवार-रविवार सहज भरतील.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. कुठे जायचं ते नंतर ठरवा, कधी जायचं ते आधी. बरेच जण सुट्टीचं कॅलेंडर बघून बेट निवडतात आणि मग समुद्र नुसताच राखाडी दिसला म्हणून हिरमुसतात. इथे भरती-ओहोटी आणि वारा या दोनच गोष्टी बघाव्या लागतात.

पुलाउ उबिन या सिंगापूरच्याच बेटापासून सुरुवात करा. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बमबोट सुटतात. त्यांना वेळापत्रक नाही, बारा माणसं झाली की बोट निघते. माणशी चार डॉलर, तेही रोख, आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. बहुतेक लोक सायकल भाड्याने घेतात, पण तुमच्याबरोबर वडीलधारी मंडळी आहेत, तर धक्क्याजवळ व्हॅन मिळते ती ठरवा आणि थेट बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावाला जा.

चेक जावा ही माझ्या मते सिंगापुरातली सर्वांत मोलाची जागा. कांदळवन, समुद्री गवत, वाळू, खडक, प्रवाळाचा चुरा, किनाऱ्याचं जंगल, सगळं एकमेकांना लागून. २००१ मध्ये इथे भराव घालायचं ठरलं होतं. निसर्गप्रेमी आणि स्वयंसेवक ओहोटीला चिखलात उतरले, तिथल्या जिवांची नोंद केली, सरकारपुढे मांडली आणि डिसेंबरमध्ये, काम सुरू व्हायच्या तोंडावर, भराव पुढे ढकलला गेला. २००७ मध्ये उंचावरची पायवाट झाली, म्हणून आज पाय न भिजवता हे सगळं बघता येतं. मुलीला निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे मासे, दाखवा, त्या चिखलातून उड्या मारत जातात. एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे दाखवा. तुम्ही कोकणातले असाल तर आई-बाबाच तिला समजावून सांगतील, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. वर झाडात धनेश दिसला तर थांबा. हा पक्षी सिंगापुरातून नाहीसा झाला होता, १९९४ मध्ये उबिनवरच पुन्हा दिसला आणि आता त्याची संख्या चांगली वाढली आहे.

आता तिथीचं. चेक जावाला ओहोटीची पातळी साधारण ०.५ मीटर किंवा त्याखाली असेल तरच पुळण आणि समुद्री गवत उघडं पडतं. इतकं खाली पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांतच जातं. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते, तेव्हा गेलात तर नुसतं पाणी बघून याल. घरात कालनिर्णय असेल तर अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं सिंगापूरच्या भरतीच्या तक्त्यात मिळतं. आणखी एक बारकावा: एप्रिल ते सप्टेंबर ही मोठी ओहोटी बहुधा पहाटे-सकाळी लागते, डिसेंबर-जानेवारीत ती दुपारनंतर येते. चेक जावा उघडतं साडेआठला. म्हणून मेमध्ये पौर्णिमेचाच दिवस धरण्यापेक्षा नंतरचा दुसरा-तिसरा दिवस धरा. ओहोटी रोज पाऊण-एक तास उशिरा सरकते, ती तुम्हाला गाठता येईल. पाणी आणि टोप्या सोबत ठेवा. खाऊची पिशवी बंद ठेवा, कारण माकडं आणि रानडुकरं दोन्ही आहेत आणि त्यांना खायला घातलं तर दंड होतो.

दक्षिणेकडची बेटं मरीना साउथ पिअरवरून. मेट्रोने थेट धक्क्याशी पोचता. सेंट जॉन्स बेटावर १८७४ पासून विलगीकरण केंद्र होतं. जहाजाने येणारे मजूर आणि हजहून परतणारे यात्रेकरू, अनेकांना आधी इथे थांबवून तपासत, मगच शहरात सोडत. आज तिथे उभं राहून समोरच्या इमारतींकडे बघताना हे माहीत असावं असं मला वाटतं. तिथून एका बांधावरून चालत लाझरस बेटावर जाता येतं, मुलीला पाण्यात खेळवायला तोच किनारा उत्तम. दुकानांच्या भरवशावर जाऊ नका, जेवण-पाणी घरून न्या, आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी पायांना तेल चोळा. शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

इंडोनेशियाच्या बिंतान बेटावर सगळे रिसॉर्टसाठी जातात. आई-बाबांसाठी मी तिथलं तांजुंग पिनांग हे गाव सुचवेन. सिंगापूरच्या ताना मेरा धक्क्यावरून बोटीला साधारण दोन तास लागतात, आणि समोरच पेन्येंगात नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथे पोंपोंग नावाच्या लाकडी होडीने पंधरा मिनिटांत जाता येतं. रियाउच्या सुलतानांच्या काळातली पिवळी मशीद आहे, १८३२ची. तिच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळला होता असं तिथले लोक सांगतात. मलय भाषेचं व्याकरण लिहिणारे राजा अली हाजी यांची कबर इथेच आहे. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं, त्याच शतकातली ही गोष्ट. वडील शिक्षक असतील किंवा भाषेची आवड असेल तर त्यांना ही जागा फार आवडेल.

इथे कागदपत्रं मात्र नीट बघा. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, माणशी पाच लाख रुपिया, लहान मुलांनाही. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आई-बाबांचा सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे की अनेक, हे तिकीट काढण्याआधी तपासा. परत येताना त्यांचं अरायव्हल कार्डही नव्याने भरावं लागतं. आणि तिकडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, परतीची बोट कुठल्या वेळेने लिहिली आहे ते विचारा.

तिओमान मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याला आहे. ते मी तुम्हा तिघांसाठी राखून ठेवेन, जून-जुलैत. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण त्या महिन्यांत आपल्याकडे गेटवे-मांडवा बोटसुद्धा बंद असते. पण तिकडे नैर्ऋत्येचा वारा सुमात्रा आणि मलय द्वीपकल्प अडवतात, म्हणून पूर्वेचा समुद्र शांत असतो. तिथला वाईट काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ईशान्येचा वारा थेट दक्षिण चीन समुद्रावरून येतो आणि बहुतेक रिसॉर्ट बंद होतात. म्हणजे डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत तिओमान नको, तेव्हा पश्चिमेचं लंकावी घ्या.

तिओमानला शाकाहारी असाल तर भाजी मागवतानाही ‘बलाचान नको’ हे सांगा, कोळंबीची ती चटणी पालेभाजीतसुद्धा पडते. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट सोबत असू द्या. रोख रिंगिट सिंगापुरातच घ्या. तिओमानची बोट मलेशियातल्या मर्सिंग बंदरातून भरतीच्या पाण्यावर सुटते, त्यामुळे तिच्या वेळा रोज बदलतात. आधी बोटीची वेळ, मग बस. येताना कॉजवेवर, म्हणजे मलेशिया-सिंगापूर जोडणाऱ्या रस्त्यावर, रविवारी संध्याकाळी प्रचंड गर्दी असते, लांब सुट्टी असेल तर तासन्‌तास जातात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा मिळाली तरच ही सहल आखा, आणि परतीला सोमवारची पहिली बोट धरा.