फिनलंडचा ठराव आणि कापसाची वेचणी

प्रश्न : आमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे 'फिनलंडसारखा गृहपाठ बंद करा' असा ठराव आला आहे. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत भारत शेवटून दुसरा आणि फिनलंड वर, हा त्याचा आधार. काय करावं?
— पालक सदस्य, झरी-जामणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : त्या चाचणीत अख्खा भारत नव्हताच. २००९च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोनच राज्यं उतरली. आपली पोरं त्यात नव्हती. ७४ सहभागींत दोघं तळाशी, हे मात्र खरं. गणितात तामिळनाडूला ३५१, हिमाचलला ३३८ गुण. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या, बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी ४९६.

नंबर पाहण्याआधी मोजलं कोणाला, ते विचारा. 'पिसा' देतात १५ वर्षांची मुलं, तीही सातवी किंवा त्यापुढे शिकणारी. व्हिएतनामने २०१२ला गणितात ५११ गुण काढले, पण त्या वयाच्या जेमतेम ५६ टक्के मुलांचंच ते चित्र होतं. शाळा सुटलेलं पोर सरासरीत येतच नाही.

फिनलंडात गृहपाठ बंद नाही, कमी आहे. त्यामागे १९७९पासून शिक्षकाला पदव्युत्तर पदवीची अट आहे आणि १९४८पासून सर्वांना शाळेत फुकट जेवण. (खिचडी आपल्याकडेही शिजते, तेवढं एक जुळतं!) शिवाय त्यांचेच गणिताचे गुण २००६च्या ५४८वरून २०२२ला ४८४वर आले. नक्कल करायची तर कोणत्या सालच्या फिनलंडची?

त्यापेक्षा गावातली ६ ते १४ वयाची सगळी मुलं घरी जाऊन तपासा. शाळेत तपासलं की गैरहजर पोरं सुटतात, आणि अडचण तर त्यांचीच असते. आधी पहिलीच्या पातळीचा उतारा वाचायला द्या. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. शब्द-अक्षरांत पाचपैकी चार बरोबर आले तरच ती पायरी जमली म्हणा. घरी कोलामी बोलणाऱ्या मुलाला सूचना कोलामीतच द्या. नाहीतर वाचन नव्हे, मराठीची ओळख मोजली जाते.

मग प्रत्येक नावापुढे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतची हजेरी लिहा. उताऱ्यावर अडलेली मुलं कापूस वेचणीच्या या दिवसांत शेतात दिसली, तर ठराव गृहपाठाचा नको. त्या महिन्यांत शाळा सकाळी लवकर भरवता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारणारा करा.