६९ ची कमॅरो: सर्व्हायव्हर घ्यावी की "८० टक्के झालेला" प्रोजेक्ट?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, ३० हजार डॉलर बाजूला काढलेत, १९६९ ची शेव्हरले कमॅरो हवीय, आणि एक जण "८० टक्के काम झालंय" म्हणून १८ हजाराला प्रोजेक्ट, म्हणजे दुरुस्ती अर्धवट राहिलेली गाडी, द्यायला तयार आहे. माझं स्पष्ट मत सांगतो, तो प्रोजेक्ट घेऊ नका. तुमच्या बजेटात चालती, पूर्ण, पत्रा शाबूत असलेली गाडी घ्या, मग ती कमॅरो नसली तरी चालेल.

उरलेलं २० टक्के म्हणजे नेमकं काय ते विचारा त्याला. इंजिन रिबिल्ड झालेलं असतं, बॉडीवर चकचकीत पेंट असतो, त्यामुळे फोटोत गाडी झकास दिसते. राहिलेलं काय असतं तर वायरिंग, काचा, दारांची रबरं, हेडलायनर म्हणजे छताचं आतलं कापड, दार आणि फेंडरमधली गॅप जुळवणं, क्रोम, आणि खोक्यांत भरून ठेवलेल्या क्लिपा-स्क्रू, जे कुठे लागतात हे ज्याने गाडी खोलली त्यालाच माहीत असतं आणि तो माणूस बरेचदा दोन मालकांपूर्वीचा असतो. ही सगळी वेळखाऊ कामं आहेत, बऱ्या शॉपचा तासाचा रेट १०० डॉलरच्या पुढे असतो, आणि पूर्ण रिस्टोरेशनला हजार तास सहज लागतात. तुम्हाला स्वतःला वेल्डिंग येत असेल, गॅरेजमध्ये दोन-तीन वर्षं गाडी खोलून ठेवायला जागा असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग कमॅरो किंवा मस्टँगच घ्या कारण त्यांचा जवळपास प्रत्येक पार्ट आज नवीन बनून मिळतो, डायनाकॉर्न नावाची कंपनी तर ६९ च्या कमॅरोची अख्खी बॉडीच नवीन बनवते. एएमसी जॅव्हलिन किंवा मर्क्युरी सायक्लोन असली गाडी अर्धवट खोललेली घेतली तर एका ट्रिमच्या पट्टीसाठी महिनोन्महिने शोधत बसाल.

सर्व्हायव्हर म्हणजे जिचा पेंट, सीट, इंजिन बऱ्यापैकी कंपनीतून आलंय तसंच आहे अशी गाडी. यांची किंमत लोकांना आता कुठे कळायला लागलीय. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्क्वीन याने सिनेमात चालवलेली १९६८ ची हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात किसिमीला मेकमच्या लिलावात ३४ लाख डॉलरला गेली, वर फी वेगळी, आणि ती गाडी गंजलेली, चेपलेली, जशी होती तशीच स्टेजवर आणली होती. मी डेट्रॉइटजवळ राहतो, माझ्याकडे १९७२ ची ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीम आहे, ३५० चं रॉकेट इंजिन, पेंट मूळचा. ड्रायव्हरच्या दारावर जिथे माणूस कोपर टेकून बसतो तिथे रंग घासून खालचा प्रायमर दिसतो, आणि ऑगस्टमध्ये वूडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या फेरीला, लोक नेमके तिथेच वाकून बघतात. तो पॅच मी कधीही रंगवणार नाही.

आता बघताना काय बघायचं. सगळ्यात आधी गंज, इंजिन नंतर, कारण इंजिन बाहेर काढून दुरुस्त होतं पण सडलेला पत्रा म्हणजे अख्खी गाडी कापणं. आपल्या दोघांच्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून शक्यतो ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडची गाडी शोधा, तिकडच्या गाड्यांचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो, पेंट जळालेला असतो, पण खालून पत्रा कोरडा ठणठणीत असतो. कमॅरोत डिकीतलं मॅट उचलून कोपरे बघा, मागच्या चाकामागचं क्वार्टर पॅनेल आतून हात घालून चाचपा, आणि छतावर व्हायनिल असेल तर मागच्या काचेच्या खालची पट्टी नक्की बघा, व्हायनिलखाली पाणी मुरतं आणि तिथून डिकीत उतरतं. मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक सोबत न्या, ज्या जागी ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर जाड लांबी (पुट्टी) भरलीय, इकडे तिला बॉन्डो म्हणतात. ६५ ते ६८ ची मस्टँग बघत असाल तर विंडशील्डच्या खालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओता आणि आत पायाशी कार्पेट ओलं होतं का बघा, होत असेल तर आतलं काउल, म्हणजे विंडशील्डखालचा पत्रा, सडलंय आणि ते काम मोठं आहे.

मग कागद. ६९ च्या कमॅरोचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १२४३७ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ व्ही८ कूपे, बस एवढाच, ती एसएस आहे की झी/२८ (ही जास्त भावाची ताकदवान मॉडेलं) हे व्हिनवरून कळतच नाही, त्यामुळे साध्या गाडीला बिल्ले लावून एसएस म्हणून विकणं फार सोपं आहे. ओहायोतल्या नॉरवूड प्लांटच्या बऱ्याच गाड्यांच्या काउल टॅगवर (काउलवरची कंपनीची पत्र्याची पट्टी) एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर ती झी/२८, लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर हा कोडच नाही, आणि टॅगही नकली मिळतात. "नंबर्स मॅचिंग", म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळचं, असं म्हणणाऱ्याला पॅसेंजर बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढच्या पॅडचा क्लोजअप मागा. त्या पॅडवर कंपनीच्या मशीनच्या बारीक सरळ रेषा दिसायला हव्यात, गुळगुळीत पॅडवर ताजे नंबर असतील तर एकतर ब्लॉक मशीन झालाय किंवा कोणीतरी नंबर नव्याने ठोकलेत. पॉन्टियाकवाल्यांचं बरं आहे, पीएचएस (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कडून मूळ बिलिंगची नोंद मिळते, फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांना मार्टी रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या नोंदींवरून काढलेली माहिती, मिळतो. शेव्हीला (शेव्हरलेला) असं सरसकट काही नाही, म्हणून नवख्या माणसाने एसएसचे जास्तीचे पैसे कागदाशिवाय अजिबात देऊ नयेत, क्लोन, म्हणजे साध्या गाडीची बनवलेली एसएस, घ्यायलाही हरकत नाही पण क्लोनच्या भावात.

३० हजारात चांगली चालती ६९ ची कमॅरो मिळणं अवघड आहे हेही सांगतो. त्याऐवजी २८९ इंजिनवाली मस्टँग कूपे बघा, किंवा ७० ते ७२ ची कटलस, स्कायलार्क. चेव्हेल, जीटीओ, कटलस, स्कायलार्क या सगळ्या जीएमच्या ए-बॉडी नावाच्या एकाच सांगाड्यावरच्या, खाली पूर्ण फ्रेम, आवाज आणि मजा तीच, नाव कमी गाजलेलं म्हणून भाव कमी. सगळे पैसे गाडीत घालू नका, चार-पाच हजार ब्रेक, टायर, कार्ब्युरेटर आणि जुन्या रबरी फ्युएल लाइनसाठी ठेवा, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने त्या लाइन खराब होतात. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचाच काढा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला.

तुम्हाला पेनसिल्व्हेनियातलं कार्लाइल दोन-तीन तासांवर असेल, एप्रिलमध्ये तिथे स्प्रिंग कार्लाइल हा जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो आणि कार कोरलमध्ये विकायच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. तिथे जाऊन आधी नुसत्या खाली वाकून वाकून गाड्या बघा, मालकांशी बोला, खरेदी नंतर. तोपर्यंत त्या १८ हजारवाल्याकडे टायटल (मालकीचा कागद) त्याच्याच नावावर आहे का विचारा आणि गाडीच्या खालचे फोटो मागा.