अर्जात थर्मल लिही, पण कंट्रोल सोडू नकोस

तू लिहिलंयस की तीन वर्षं चाकणला गाड्यांच्या कूलिंगवर काम करतोयस, आता छोट्या उपग्रहांवर संशोधन करायला जर्मनीला यायचंय, आणि अर्जात कंट्रोल (उपग्रहाचं तोंड हवं तिकडे ठेवणं) लिहावं की थर्मल (त्याचं तापमान सांभाळणं) हे ठरत नाहीये. "ताई, थर्मलला तिकडे कोणी विचारत नाही म्हणतात," असंही म्हणालास. माझं मत उलट आहे. थर्मलच लिही, फक्त कंट्रोलही समजतं हे दिसू दे.

५०० किलोमीटरवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतो. त्यातली ३५ मिनिटांपर्यंत सावलीत जातात. उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट मिळतात, सावलीत सूर्याकडून काहीच नाही. हवा नसल्यामुळे तुझा पंखा इथे निरुपयोगी. उष्णता बाहेर जाते ती फक्त रेडिएशनने. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतून कायमची खराब होते, म्हणून हीटर लावायचा, आणि तो वीज खाणार त्याच बॅटरीची. पॅनेलवर ऊन किती पडेल हे मात्र उपग्रहाचं तोंड कुठे आहे त्यावर, म्हणजे कंट्रोलवर अवलंबून. १० सेंटिमीटरच्या ठोकळ्याएवढ्या उपग्रहात, म्हणजे क्यूबसॅटमध्ये, ही दोन खाती वेगळी राहूच शकत नाहीत.

आपल्या पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह आठव. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला, वजन एक किलोच्या आत. आत कायमचा चुंबक, तो होकायंत्रासारखा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतो, वीज अजिबात लागत नाही. फार देखणी कल्पना! पण मग सूर्याकडे तोंड फिरवायची सोय राहत नाही, म्हणजे उष्णतेचं गणित आधीच चोख हवं. विजेवर चालणाऱ्या चुंबकी कॉइल्स घेतल्या तरी क्षेत्राच्या दिशेभोवती त्या उपग्रहाला फिरवू शकत नाहीत. मी सध्या मेणासारख्या पदार्थांवर काम करते: उन्हात वितळून उष्णता साठवायची, सावलीत गोठताना परत द्यायची. ऑक्टाडेकेन २८ अंशांच्या आसपास वितळतं, बॅटरीला अगदी मानवेल असं.

पहिल्याच वर्षी व्हॅक्यूम चेंबरच्या चाचणीत माझा एक सेन्सर बाकीच्यांपेक्षा सहा अंश जास्त दाखवत होता. दोन दिवस मी मॉडेलमध्ये चूक शोधत बसले. शेवटी चेंबर उघडलं, तर सेन्सर चिकटवणाऱ्या काप्टन टेपचं (उष्णता सोसणारी पट्टी) एक टोक नखभर सुटलं होतं. हवेत चाललं असतं, निर्वातात तेवढ्या फटीने सेन्सर बॅटरीऐवजी समोरच्या गरम भिंतीचं तापमान सांगत होता. चार दिवसांचा डेटा गेला आणि चेंबरसाठी पुन्हा रांग. म्हणून प्राध्यापकांना मेल लिहिशील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार: चेंबर विभागाचं स्वतःचं आहे का, आणि विद्यार्थ्यांना हात लावू देतात का? रँकिंग नंतर बघ.

बर्लिनच्या टीयूचे (तांत्रिक विद्यापीठाचे) उपग्रह १९९१ पासून उडतायत, वुर्झबर्गचा पहिला क्यूबसॅट २००५ चा, स्टुटगार्टचा 'फ्लाइंग लॅपटॉप' २०१७ चा. तिन्हीकडे खरं हार्डवेअर आहे. स्टुटगार्टला युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी पडते, हे घरी आधीच सांग. अमेरिकेत निर्यात-नियमांमुळे परदेशी विद्यार्थ्याला अवकाशातल्या काही कामांपासून लांब ठेवतात, तेही लक्षात असू दे.

तुझी बी.ई. आहे, तेव्हा आधी मास्टर्स. त्यासाठी एपीएस प्रमाणपत्र (तुझ्या भारतीय पदवीची पडताळणी) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) लागेल. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पुढे पीएच.डी. इथे बहुधा नोकरी म्हणून मिळते, करार आणि पगारासकट. मॅक्स म्युलर भवनचा ए१, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, आजच सुरू कर. लॅबमध्ये इंग्रजीवर निभेल, पण वर्कशॉपमधले काका ब्रॅकेट बनवून देतात ते जर्मनमध्ये समजावलं तरच.

आणि कंपनीचे रिपोर्ट अर्जाला जोडू नकोस, ते गोपनीय असतात. त्यापेक्षा सहा बाजू आणि मध्ये बॅटरी, असं साधं मॉडेल पायथनमध्ये लिही, दहा फेऱ्या चालव आणि बॅटरीच्या तापमानाचा आलेख मला पाठव. सावली संपताना तो शून्याच्या किती जवळ येतोय, तिथून पुढचं बोलू.