वाचकांचे प्रश्न : बेरीज बिघडवणारा स्वल्पविराम

प्रश्न : पतसंस्थेच्या हिशेबासाठी जावास्क्रिप्टमध्ये एक वेबपेज केले आहे. रकमा टूलोकेलस्ट्रिंग() ने (संख्या स्वल्पविरामांसह लिहून देणारे फंक्शन) दाखवतो आणि बेरजेसाठी स्क्रीनवरूनच पार्सफ्लोटने (मजकुरातून संख्या काढणारे फंक्शन) परत घेतो. रक्कम हजारावर गेली की बेरीज चुकते. काहींच्या मोबाइलवर तर नुसते 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नाही') दिसते. दुरुस्ती होईपर्यंत हे फॉरमॅटिंग बंद ठेवता येईल का?

उत्तर : येईल. कंस रिकामा ठेवला की टूलोकेलस्ट्रिंग ब्राउझरची भाषा धरते. इंग्रजी (भारत) असेल तर 123456 चे 1,23,456 होते. पार्सफ्लोट पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून 1 देते. एरर नाही, काही नाही, म्हणून हा प्रकार नॅनपेक्षा वाईट. मराठी ब्राउझरवर तीच रक्कम १,२३,४५६ अशी उमटते आणि देवनागरी अंक पार्सफ्लोटला कळतच नाहीत. इंग्रजी ब्राउझरवर पाचशे-सातशेच्या रकमा टाकून चाचणी केली, तर यातले काहीच सापडत नाही.

तात्पुरता बंदोबस्त असा : बाकी स्क्रिप्ट लोड होण्याआधी नंबर.प्रोटोटाइप.टूलोकेलस्ट्रिंग हे मूळ फंक्शन एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि त्याच्या जागी धिस.टूफिक्स्ड(2) ('धिस' म्हणजे ती रक्कम; टूफिक्स्ड ती दोन दशांश स्थळांत, स्वल्पविरामाशिवाय लिहिते) परत देणारे फंक्शन बसवा. ते साध्या 'फंक्शन' शब्दानेच लिहा. अ‍ॅरो फंक्शनमध्ये 'धिस'ला रक्कम मिळत नाही. टूफिक्स्डऐवजी स्ट्रिंग(धिस) वापरले, तर 0.1 + 0.2 चे 0.30000000000000004 ग्राहकाला दिसेल. दुरुस्ती झाली की मूळ फंक्शन परत जागेवर ठेवा.

संख्या फॉरमॅट करणारे इंटल.नंबरफॉरमॅट थेट वापरले असेल तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे यूजग्रुपिंग : फॉल्स (स्वल्पविराम बंद) द्या आणि नंबरिंगसिस्टिममध्ये एल-ए-टी-एन ही चार स्मॉल अक्षरे (म्हणजे इंग्रजी अंक) लिहा. दोन्ही हवेत. नुसते ग्रुपिंग बंद केले तर मराठी ब्राउझरवर १२३४५६ उरते आणि नॅन तसेच राहते.

कायमची दुरुस्ती एकच : स्क्रीनवरचा मजकूर हिशेबाला घेऊ नका. मूळ संख्या व्हेरिएबलमध्ये किंवा डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवा, फॉरमॅटिंग फक्त दाखवताना करा. नंबर प्रकारच्या इनपुटमध्ये स्वल्पविरामाची रक्कम भरू नका; ब्राउझर ती चौकट गुपचूप रिकामी करतो.

सर्व्हरवर नोड (तिथे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) असेल तर आवृत्तीही बघा. १३ च्या आधीच्या नेहमीच्या बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा डेटा असे. त्यामुळे मराठी मागितली तरी सर्व्हर इंग्रजी अंक पाठवतो, ब्राउझर देवनागरी काढतो, आणि एकाच पानावर दोन तऱ्हेच्या रकमा दिसतात.