इंपेलर नवीन टाकला तरी बोटीचं इंजिन गरम होतंय, आता काय बघू?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड बोट घेतली, आत डिझेलचं इनबोर्ड इंजिन, हळू चालवलं तर टेम्परेचर ठीक पण जोर दिला की थोड्या वेळात काटा वर चढतो, मागून पाणी कमी आणि पांढरी वाफ जास्त, आणि इंपेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक) बदलूनही काही फरक नाही. आधी एक सांगा, जुना इंपेलर काढला तेव्हा त्याची पाती मोजली होती का?

मी नव्हती मोजली. माझ्या इंपेलरला सहा पाती होती, त्यातली दोन गायब, मी जुना फेकला, नवा बसवला आणि खूश झालो, आणि पुढच्याच फेरीत काटा परत वर. ती तुटलेली रबरं जाणार कुठे, पाण्याबरोबर पुढे सरकली आणि हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं कूलंट थंड करतो तो भाग) तोंडाशी बारीक नळ्यांवर आडवी बसली होती. एक तुकडा तर त्याच्या आधीच्या होजच्या, म्हणजे रबरी पाइपच्या, वळणातच निघाला. त्यामुळे पात्यांचा हिशोब लागत नाही तोवर ते काम झालं असं धरू नका. (बसवताना साधं ग्रीस लावू नका, रबर खराब होऊ शकतं, ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा लिक्विड साबण चालतो.)

आता पाणी जिथून आत येतं तिथून सुरू करा आणि त्याच्या मागे मागे शेवटपर्यंत जा, मधलं काही सोडायचं नाही. खाली सीकॉक, म्हणजे बोटीत पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बाहेरून त्याच्या जाळीवर शिंपले चिकटलेत का, मग स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी गाळणी. सीकॉक बंद केल्याशिवाय स्ट्रेनर उघडू नका हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. स्ट्रेनरच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) नीट बघा, कारण स्ट्रेनर पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर तिथून थेंबही गळत नाही, उलट पंप तिथून हवा ओढतो, आणि आपण म्हणतो लीक तर कुठेच नाही.

मग हीट एक्सचेंजर. तुमच्या इंजिनावर रेडिएटरसारखं प्रेशरचं झाकण असेल तर तो आहेच, म्हणजे आत कूलंट फिरतंय आणि समुद्राचं पाणी फक्त त्या कूलंटला थंड करतंय. ते झाकण गरम इंजिनावर उघडू नका, भाजतं. एक्सचेंजरची दोन्ही टोकं उघडून नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का बघा. त्यात नळ्यांऐवजी स्वतः गंजणारी झिंकची कांडी असेल तर ती अर्धी झिजली की बदलायची, पूर्ण संपायची वाट बघितली तर तिचे तुकडे आत पडतात आणि नंतर खारं पाणी नळ्यांनाच खायला लागतं.

पण खरं सांगू का, तुमचं वर्णन वाचून माझा संशय मिक्सिंग एल्बोवर जातोय. एक्झॉस्टमध्ये जिथे इंजिनाचा तापलेला धूर आणि बाहेर जाणारं पाणी एकत्र येतं तो वाकडा तुकडा. तिथे पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, त्यात काजळी मिसळते आणि कोळशासारखा कडक थर बसतो, आणि बोट सतत मंद चालवत असाल किंवा उभ्या बोटीत बॅटरी चार्ज करायला इंजिन चालू ठेवत असाल तर अजून लवकर. माझा काढला तेव्हा बाहेरून रंग चकाचक, आणि आत पाण्याच्या वाटेत पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक. एक खूण म्हणजे फुल थ्रॉटलला आरपीएम पूर्वीइतके येत नाहीत आणि धूर काळा होतो, कारण धुरालाच वाट नाही. ओळखायचं असेल तर एल्बोला येणारा पाण्याचा होज काढून बादलीत धरा आणि कोणाला तरी इंजिन काही सेकंदच चालू करायला सांगा. बादलीत धो धो आणि बोटीच्या मागे बारीक धार, तर एल्बोच. थर खरवडून निघतो, पण आतून गंजून पातळ झाला असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नका, सरळ नवा टाका, आणि गॅस्केट तर दरवेळी नवीनच. तिथून गळणारं पाणी इंजिनात उलटं गेलं तर खर्च कुठल्या कुठे जातो.

एल्बो काढलाच आहे तर पुढचा एक्झॉस्ट होजही दाबून बघा. बाहेरून चांगला दिसतो आणि आतला थर सुटून वाट अडवतो. मऊ पडला असेल तर बदला, दोन्ही टोकांना दोन दोन क्लॅम्प. या जोडांतून धूर आत आला तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही आणि माणूस जातो, म्हणून केबिनमध्ये त्याचा अलार्म लावाच.

आणि हो, या सगळ्या खटाटोपात इंजिन लगेच स्टार्ट होत नसेल तर सेल्फ मारत बसू नका. पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्ट होत नसेल तर सीकॉक बंद ठेवून सेल्फ मारा, इंजिन पकडलं की लगेच उघडा. सीकॉक बंद करून काम करताना तो उघडायचा विसरू नये म्हणून मी तेवढा वेळ इंजिनाची चावी असलेली दोरी त्याच्या दांड्यालाच अडकवतो... म्हणजे हल्ली, एकदा इंपेलर जाळल्यानंतर.

एल्बो काढलात की आतला फोटो टाका, भोक किती उरलंय ते बघून सांगतो.