पुण्यात पाळीव कुत्रीची नसबंदी सक्तीची आहे का? सोसायटी प्रमाणपत्र मागू शकते का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: पुण्यात फ्लॅट, नऊ महिन्यांची लॅब्रॅडॉर मादी, पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा हीटवर (माजावर) आलेली, घरात पाच महिन्यांचा एक बोकाही. सोसायटीची नोटीस आहे की महिनाअखेरपर्यंत नसबंदीचं प्रमाणपत्र द्या, नाहीतर कुत्रा ठेवता येणार नाही. आधी महत्त्वाचं सांगतो. नसबंदी जरूर करा, पण महिनाअखेरीस करू नका. ऑपरेशनची तारीख कुत्रीचं चक्र पाहून ठरते, नोटीस पाहून नाही.

आता नियम. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू केले आणि २००१ चे जुने नियम गेले. त्यातला बहुतेक भाग रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आहे: पालिकेने पकडायचं, नसबंदी आणि रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करून जिथून उचललं तिथेच सोडायचं. पाळीव प्राण्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहिलंय की जंतनाशन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. म्हणजे जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आहेच. पण अमुक वयाच्या आत करा किंवा नाहीतर अमुक दंड भरा, असं त्यात पाळीव प्राण्यांसाठी दिलेलं नाही. महापालिकेचा श्वान परवाना ही वेगळी गोष्ट. तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो आणि त्यासाठी अँटी-रेबीज लसीचा दाखला लागतो. तो काढला नसेल तर आधी काढा, कारण सोसायटीशी बोलताना तुमचा सगळ्यात भक्कम कागद तोच असेल.

सोसायटीचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. कमिटीने लसीचा दाखला मागावा, पट्टा लावा, घाण उचला म्हणावं, हे रास्त आहे आणि ते पाळावं. 'प्रमाणपत्र नाही म्हणून कुत्रा बाहेर' हे चालत नाही. काही ठिकाणी १२ मार्च २०२४ चं केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र दाखवतात. त्यात २३ जातींवर बंदी आणि घरात आधीपासून असलेल्यांची नसबंदी करा असं म्हटलं होतं. लॅब्रॅडॉर त्या यादीत नव्हताच आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्द केलं.

भांडत बसण्यापेक्षा लेखी उत्तर द्या. परवाना आणि लसीच्या दाखल्याची प्रत जोडा, आणि तुमच्या वेटकडून (पशुवैद्याकडून) एका ओळीचं पत्र घ्या: 'सध्या हीट चालू असल्याने शस्त्रक्रिया साधारण अमुक महिन्यात नियोजित.' बहुतेक कमिट्यांना एवढं पुरतं.

थांबायचं कशासाठी, ते नीट समजून घ्या. हीट साधारण तीन आठवडे चालते. त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ऊती नाजूक होतात आणि ऑपरेशनमध्ये रक्तस्राव जास्त होतो. हीट संपल्यावर लगेच केलं तर दुसरी अडचण: तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं, अंडाशय काढल्यावर ते एकदम कोसळतं आणि काही माद्यांत खोट्या गरोदरपणाची लक्षणं दिसतात. आचळांत दूध येतं, खेळणी कवटाळून बसतात. म्हणून हीट संपल्यापासून सुमारे तीन महिने जाऊ द्या. तोवर ती वर्षाची होईल, आणि लॅबसारख्या मोठ्या जातीत ते सांध्यांच्या दृष्टीनेही बरं, कारण हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी हार्मोन काढले तर गुडघ्याच्या लिगामेंटचे त्रास वाढलेले दिसतात. लहान जातींत मात्र पहिल्या हीटच्या आधीच, सहाव्या महिन्याच्या आसपास करणं मला योग्य वाटतं. त्याने स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो.

आत्ता पंधरावा दिवस आहे, म्हणजे गाभण राहण्याची शक्यता अजून आहे. आणखी दोन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर सोडू नका, गच्चीवरही नाही. पुढचे दोन महिने एकीकडे लक्ष ठेवा: फार पाणी पिणं, सुस्ती, उलटी, योनीतून पू किंवा घाण वासाचा स्राव. ही पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू होण्याची लक्षणं. तसं दिसलं तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'एकदा पिल्लं होऊ द्या, मग करा' असं कोणी सांगेल. त्याचा मादीला काही वैद्यकीय फायदा नाही. आणि विक्रीसाठी पैदास करायची तर २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी किमान १८ महिन्यांची लागते, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

ऑपरेशनआधी रक्त तपासा. हा खर्च वाचवू नका. आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही प्लेटलेट कमी निघतात, आणि नसबंदीत अनपेक्षित रक्तस्राव होण्याचं ते एक मोठं कारण असतं. प्लेटलेट कमी निघाल्या तर आधी उपचार, मग तारीख. लिव्हर आणि किडनीही पाहून घ्या. दर विचारताना त्यात सलाईन, गॅसची भूल, वेदनाशामक आणि टाके काढणं धरलंय का, हेही विचारा. आदल्या रात्री जेवण बंद. पाणी किती वाजेपर्यंत, ते वेट सांगेल. घरी आल्यावर गळ्यात कोन (टाके चाटू नयेत म्हणून लावायची कॉलर) दहा ते चौदा दिवस, रात्रीसुद्धा. टाके उसवतात ते बहुतेक वेळा 'बिचारीला त्रास होतो' म्हणून कोन काढल्यामुळे. आंघोळ नाही, जिना आणि सोफ्यावर उड्या नाहीत, फक्त पट्ट्यावर छोटी फेरी. नंतर खाणं साधारण पाचवा हिस्सा कमी करा. लॅब आधीच खादाड, आणि नसबंदीनंतर ऊर्जेची गरज घटते.

प्रमाणपत्रावर नाव, जात, रंग, वय, मायक्रोचिप असेल तर क्रमांक, कोणती शस्त्रक्रिया, तारीख, आणि पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक व शिक्का हवा. नोंदणीकृत पशुवैद्याशिवाय कोणाला हे ऑपरेशन करण्याचा अधिकार नाही.

बोक्याचं मात्र आत्ताच उरका. पाच महिने पुरे आहेत; घरात लघवीचे फवारे मारायची सवय लागण्याआधी केलेलं चांगलं. त्याला फार तास उपाशी ठेवू नका, लहान मांजरांची साखर पटकन उतरते. संध्याकाळी तो घरी येतो. दोन-तीन दिवस त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये लिटरच्या खड्यांऐवजी कागदाचे तुकडे ठेवा, म्हणजे जखमेला खडे चिकटत नाहीत. पुढचे पाच-सहा आठवडे नसबंदी न झालेल्या मांजरीपासून दूर ठेवा, कारण साठलेले शुक्रजंतू काही काळ टिकतात. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे.